विनंतीचा दिवा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून एका स्नेह्यांनी मला वाटेतच थांबवले आणि म्हणाले, "स्वतःच्या मोटारीत दिवा बसवायचा, हा व्याख्यानाचा विषय कसा होऊ शकतो? ते तर मोटार-मिस्त्रीचे काम!" त्यांची शंका रास्त आहे. मीही जन्मभर विजेच्या तारांशीच व्यवहार केलेला माणूस असल्यामुळे हे काम मिस्त्रीचे आहे हे मला चांगलेच ठाऊक आहे. परंतु एका परक्या गावी एका शेजाऱ्याच्या मोटारीत असा दिवा मी माझ्या हातांनी बसवला आणि तो चुकीचा बसवला. त्या चुकीने मला जे शिकवले ते केवळ तारांपुरते नव्हते, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

दिव्याची मोटार म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे पूर्वी काय उभे राहात असे, हे सांगायला नको. टपावर लाल दिवा, आत कोणी मोठा मनुष्य, आणि रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहिलेले आपण. केंद्र सरकारने १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मोटारींवरचे हे दिवे उतरवले, आणि आगीचे बंब, रुग्णवाहिका, पोलीस अशा तातडीच्या कामाच्या वाहनांपुरतेच ते राहिले. दिवा म्हणजे अधिकार, हे समीकरण आपल्या मनात इतके मुरलेले होते, की तो काढण्यासाठी नियम बदलावा लागला. आज मी ज्या दिव्याविषयी बोलणार आहे, तो याच्या नेमका उलट आहे. तो लावणाऱ्याला कोणताही अधिकार मिळत नाही.

हा दिवा समजण्यासाठी प्रथम तो लावणारा मनुष्य समजला पाहिजे. आपल्याकडे आग लागली की नगरपालिकेचा बंब येतो आणि त्यावरचे जवान पगारी नोकर असतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशामक दलाचे ६६ जवान कामावर असताना मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आपण दरवर्षी पाळतो. पगारी म्हणून त्यांचे मोल तिळभरही कमी होत नाही. पण अमेरिकेतील लहान गावांमध्ये व्यवस्था निराळी आहे. तिथे गावचा बंब असतो, बंबाची शाळेसारखी एक इमारत असते. मात्र त्या इमारतीत रात्री कोणीही नसते. आग विझवणारी माणसे आपापल्या घरी झोपलेली असतात. कोणी शिक्षक असतो, कोणी शेतकरी, कोणी दुकानदार. कमरेच्या यंत्रावर किंवा हातातल्या फोनवर वर्दी वाजली, की ती उठतात, स्वतःच्या मोटारीत बसतात आणि बंबाच्या इमारतीकडे, कधी थेट आगीच्या जागी, धाव घेतात. या कामाचा त्यांना पगार नसतो.

ही प्रथा जुनी आहे. फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. तिच्या प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि जळत्या घरातले सामान भरून बाहेर काढण्यासाठी पिशव्या स्वतःच बाळगायच्या, असा नियम होता. पूर्ण पगारी दल ठेवणारे तेथले पहिले शहर म्हणजे सिनसिनाटी, आणि ते वर्ष १८५३. मोठ्या शहरांनी हळूहळू तोच मार्ग धरला, पण खेड्यापाड्यांना तो परवडण्यासारखा नव्हता. तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली देशातील सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामकांपैकी ६ लाख ७७ हजार, म्हणजे शेकडा ६५, हे स्वयंसेवक होते. १९८४ साली हाच स्वयंसेवकांचा आकडा ८ लाख ९७ हजारांच्या घरात होता. माणसे कमी होत चालली आहेत, आणि आगी मात्र अधिक घाईच्या झाल्या आहेत. पूर्वीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली सर्वांगाने पेट घ्यायला प्रयोगात सुमारे २९ मिनिटे लागली. आजच्या फोम आणि प्लॅस्टिकच्या सामानाने भरलेली तशीच खोली ४ मिनिटांच्या आत पेटली. तेव्हा त्या माणसाची घाई खरी आहे, याविषयी शंका नको.

अडचण एवढीच, की घरून निघालेल्या त्या माणसाची मोटार तुमच्याआमच्या मोटारीसारखीच दिसते. ती कोठे चालली आहे, हे रस्त्यावरच्या इतरांना कळावे कसे? त्यासाठी हा लहानसा दिवा.

माझी मुलगी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील एका लहान गावी राहते. निवृत्तीनंतर तिच्याकडे मी एक पावसाळा, एक हिवाळा असा मुक्काम केला. शेजारचे गृहस्थ नळदुरुस्तीचा व्यवसाय करीत आणि गावच्या बंबावर स्वयंसेवक होते. एके दिवशी आम्ही चौकात थांबलो असता मागच्या मोटारीच्या काचेआड निळा दिवा लुकलुकताना मला दिसला. पाहतो तो आमचेच शेजारी! सिग्नल तांबडा होता आणि ते आमच्या मागे स्वस्थ उभे होते. दिवा लुकलुकत होता, पण भोंगा नव्हता. हिरवा होताच मुलीने मोटार कडेला घेतली, तिच्या पुढच्या दोघांनीही घेतली, आणि ते हात वर करून निघून गेले. संध्याकाळी मी त्यांना विचारले, "दिवा लावून तुम्ही सिग्नलला का थांबलात?" ते म्हणाले, "दिवा विनंती करण्यापुरता आहे. सिग्नल मोडण्याचा परवाना तो देत नाही."

कायदाही तसेच सांगतो. न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवक अग्निशामकाला आपल्या मोटारीवर एक निळा दिवा लावता येतो. त्यासाठी दलाच्या प्रमुखाची लेखी परवानगी लागते, आणि प्रमुख ती केव्हाही काढून घेऊ शकतो. दिवा लावायचा तो केवळ वर्दीच्या कामावर असतानाच. असा दिवा लावल्याने ती मोटार कायद्याच्या दृष्टीने बंब होत नाही. वेगमर्यादा, सिग्नल, एकेरी रस्ता हे सगळे नियम तिला तुमच्याआमच्याइतकेच लागू राहतात. आणि समोरच्याने वाट दिली तर ते त्याचे सौजन्य. न दिली तर त्याच्यावर गुन्हा नाही. म्हणूनच तिकडे या दिव्यांना सौजन्याचे दिवे म्हणतात.

रंगांची गंमत पाहा. न्यूयॉर्कमध्ये निळा दिवा आगवाल्याचा, तर हिरवा स्वयंसेवी रुग्णवाहिकेवरच्या सेवकाचा. सरहद्द ओलांडून कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात जा. तिथे हिरवा दिवा आगवाल्याचा. ओहायो राज्यात निळा रंग पोलिसांचा. तेव्हा घरी पुण्याचे काम करणारा दिवा दुसऱ्या राज्यात पोलिसांचे सोंग ठरू शकतो, आणि सोंगाला शिक्षा आहे. जर्मनीत तर दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक हे काम करतात, पण तिथे खाजगी मोटारीला निळा दिवाच नाही. काहीजण टपावर चुंबकाने चिकटणारी, आग विझवायला निघालो आहोत असे सांगणारी पाटी लावतात. प्रत्येक समाजाने रंग आपापल्या सोयीने ठरवला. मात्र जे एका ठिकाणी ठरले, ते पाळायचे, हे सगळीकडे सारखेच आहे.

आता दिवा बसवण्याच्या कामाकडे येतो. तो टपावर न लावता आत का लावायचा? कारण मोटार घरची असते. तिच्यातून मुले शाळेत जातात, भाजी येते, उद्या ती विकायचीही असते. टपाला भोके पाडणे कोणाला आवडेल? आत लावलेला दिवा काढता-घालता येतो, बर्फापावसात भिजत नाही, आणि काम नसताना तो कोणाच्या नजरेत भरत नाही. स्वयंसेवकाच्या वृत्तीला हे साजेसेच आहे. मात्र आत आणलेल्या दिव्याबरोबर चार अडचणीही आत येतात.

पहिली अडचण दृष्टीची. आतला दिवा काचेतून जेवढा दिसेल तेवढाच दिसणार. समोरून तो दिसेल, बाजूने जवळजवळ दिसणार नाही. आणि मागच्या काचेला काळपट पडदा असेल, तर तिथे ठेवलेला दिवा अर्धा विझल्यासारखाच. काचेच्या ज्या भागावरून वायपर फिरतो, त्याच भागामागे दिवा हवा, नाहीतर बर्फ पडू लागताच तो झाकला जातो. म्हणून चौकात दिवा लावणाऱ्याने असेच समजून चालावे, की आडव्या रस्त्याने येणाऱ्याला आपण दिसलेलो नाही.

दुसरी अडचण दिवा धरून ठेवण्याची. पुष्कळजण तो रबरी चोषकांनी काचेला चिकटवतात. कडाक्याच्या थंडीत रबर ताठरते आणि चोषक सुटतो. एक किलो वजनाची वस्तू मोटारीबरोबर तासाला ६० किलोमीटर वेगाने जात असताना मोटार एकाएकी थांबली, तर ती वस्तू सुमारे १४ मीटर उंचीवरून पडल्याच्या जोराने माणसावर आदळते. चौथ्या मजल्यावरून पडलेली वीट डोक्यात बसावी, तसे. शिवाय आजच्या मोटारीत समोरच्या फळीत हवेची पिशवी असते. अपघातात ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि तिच्या झाकणावर ठेवलेला दिवा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. तेव्हा त्या जागेवर काहीही ठेवायचे नाही. दिवा स्क्रूने, पक्क्या पट्टीवर, शक्यतो मधल्या आरशामागे बसवायचा.

तिसरी अडचण विजेची. जुना ५५ वॅटचा हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपियरहून अधिक वीज घेई; आजचा एलईडी त्याच्या मानाने फारच मितभाषी. तरी तत्त्व तेच. बॅटरीतून थेट तार घेतली, तर बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा, आणि तो तारेच्या जाडीला साजेल एवढ्याच ताकदीचा हवा. लोकांची समजूत अशी, की फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. इंजिनाकडून आत येताना तार पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी कडे नसेल, तर पत्र्याची धार हादऱ्यांनी तारेवरचे वेष्टन कापते. मोटारीचा पत्रा म्हणजेच बॅटरीचे दुसरे टोक. तार पत्र्याला लागली आणि वाटेत फ्यूज नसला, तर ती लाल होते आणि मोटार पेटते. आग विझवायला निघालेल्याची मोटार वाटेत पेटावी, याहून मोठी थट्टा कोणती!

या तीन अडचणी मला ठाऊक होत्या, आणि त्यांचा मी चोख बंदोबस्त केला. चौथी मला ठाऊक नव्हती.

त्यांचा जुना दिवा बिघडला होता. नवा एलईडी आला, तेव्हा मीच हौसेने म्हणालो, की हा मी बसवतो. चाळीस वर्षे विजेच्या कामात घालवल्याचा अभिमान होता ना! एका रविवारी दुपारी मी काम केले. तार जाड घेतली, फ्यूज बसवला, रबरी कडे घातले. दिवा डॅशबोर्डच्या मधोमध पक्क्या पट्टीवर, काचेपासून दोन बोटे अंतर ठेवून बसवला. मग मोटारीच्या समोर पन्नास पावलांवर उभा राहून पाहिले. भर उन्हातही तो लखलखत होता. शेजाऱ्यांनी माझा हात दाबला, आणि मी तृप्त होऊन घरी आलो.

तिसऱ्या रात्री धुराड्याला आग लागल्याची वर्दी आली. ते निघाले. गावाबाहेरच्या वळणावर गडद कपड्यांतला एक मनुष्य कुत्र्याला घेऊन रस्त्याच्या कडेने चालला होता. तो त्यांना दिसला तेव्हा मोटार त्याच्यापासून अगदी थोड्या अंतरावर होती. वेग बेताचा होता म्हणून ब्रेक लागला आणि मोटार हातभर अंतरावर थांबली. तो मनुष्य वाचला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. रागाचा एक शब्द नाही. म्हणाले, "जरा चालकाच्या जागी बसा." अंगणातले दिवे त्यांनी मालवले, निळा दिवा लावला आणि स्वतः अंधारात तीस पावलांवर जाऊन उभे राहिले. मी पाहू लागलो. दिव्याचा प्रत्येक लखलखाट तिरप्या काचेवर आपटून माझ्याच डोळ्यांत येत होता. साऱ्या काचेवर निळा पडदा चढे आणि उतरे. पडदा चढला की तीस पावलांवरचा मनुष्य नाहीसा होई. आणि उतरला तरी दिपलेल्या डोळ्यांना तो लगेच सापडत नसे. ज्याला वाट दिसावी म्हणून एवढी खटपट, त्यालाच मी आंधळा करून सोडले होते.

याचे शास्त्र मला ठाऊक असायला हवे होते. तिन्हीसांजेला अंगणात उभे राहून तांबडी जास्वंद आणि निळी गोकर्ण पाहा. प्रकाश कमी होऊ लागला, की जास्वंद काळवंडते आणि गोकर्ण बराच वेळ उजळ दिसत राहते. अंधारात आपला डोळा तांबड्याला मंद आणि निळ्याला तरतरीत होतो. हे पुर्किन्ये नावाच्या बोहेमियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवले. म्हणजे जो निळा रंग दुरून लक्ष वेधण्यासाठी रात्री उत्तम, तोच जवळून, आपल्याच काचेवरून परतला, तर रात्री सर्वांत वाईट. मी दिव्याची परीक्षा दिवसा घेतली होती आणि बाहेर उभे राहून घेतली होती. रात्री, चालकाच्या जागी बसून, घेतली नव्हती.

त्याच रात्री आम्ही दोघांनी तो दिवा उतरवला. नवी जागा आरशामागे, काचेला लागून धरली. दिव्याभोवती काळ्या रबराचे कोंदण केले आणि ते काचेला असे दाबून बसवले, की उजेडाचा एक किरणही आत परतू नये. डॅशबोर्डवर काळे, न चमकणारे कापड अंथरले. बटणाशेजारी एक बारीक तांबडी खूण-बत्ती लावली, म्हणजे काम संपल्यावर दिवा चुकून चालू राहायला नको. मग त्यांच्या दलप्रमुखांनी स्वतः चालकाच्या जागी बसून, अंधारात, तो तपासला आणि मगच संमती दिली. त्या वळणावरच्या माणसाला हे सारे कधी कळले नसेल. मला मात्र तो अजून आठवतो.

जाता जाता एक हिशेब सांगतो. घरापासून बंबाची इमारत ५ किलोमीटरवर आहे असे धरा. तासाला ६० किलोमीटर वेगाने गेलात तर ५ मिनिटे लागतील. ८० च्या वेगाने गेलात तर पावणेचार मिनिटे. वाचली ७५ सेकंदे. पण त्यासाठी मोटारीच्या अंगातला आघाताचा जोर पावणेदोन पटींहून अधिक वाढवावा लागला. माझे शेजारी तीच सेकंदे दुसऱ्या रीतीने वाचवीत. मोटार रोज रात्री तोंड रस्त्याकडे करून उभी करीत, बूट दाराशी, किल्ली खुंटीला, अंगरखा मागच्या बैठकीवर. त्या देशात कामावर मृत्यू पावणाऱ्या अग्निशामकांच्या बाबतीत हृदयविकाराच्या खालोखाल कारण वाहनांच्या अपघातांचे आहे, आणि त्यांतले कितीतरी स्वयंसेवक स्वतःच्या मोटारीतच गेले, काही तर पट्टा न बांधता. आगीपर्यंत जो पोहोचलाच नाही, त्याने कोणाचे घर वाचवले?

श्रोतेहो, आपल्याकडे खाजगी मोटारीत असा दिवा लावण्याची मुभा नाही, आणि ती असावी असे सांगायला मी उभा राहिलेलो नाही. परंतु दिव्याची दुसरी बाजू आपल्याकडेही आहे. ती म्हणजे दिवा पाहणाऱ्याची. बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तरीही आपल्या पेठांतील बोळांत बंब अडतो, कारण कोणीतरी 'दोनच मिनिटांत येतो' म्हणून मोटार आडवी लावून गेलेला असतो. तिकडे त्या गावात ज्याला वाट मागण्याचा हक्क नव्हता, त्याला तीन मोटारींनी विचारल्यावाचून वाट दिली. आपल्याकडे ज्याला हक्क आहे, त्याला ती मागूनही मिळत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढेच करावे. आपल्या बोळाच्या तोंडाशी उभे राहावे आणि पाहावे, की रात्री बारा वाजता बंब आला तर तो आपल्या दारापर्यंत येईल का. दिवसा पाहू नका, कारण दिवसा सगळे ठीकच दिसते. रात्री पाहा, आणि बंबाच्या चालकाच्या जागी आपण बसलो आहोत असे समजून पाहा. माझी चूक मी त्याच जागी बसल्यावर मला दिसली.